ओलेत्यानं दीपपूजा

धारच्या सरदार जयसिंगरावांना देवघरात विजेचा दिवा हवा होता, पण देवापुढं काचेचा फुगा लोंबलेला त्यांना खपणार नव्हता. हौसेला मोल नाही. मी त्यांचा इलेक्ट्रिक ओव्हरसियर. मी पुरुषभर उंचीची पितळी समई देवघराच्या दाराशी फरशीत पक्की बसवली, जमिनीखालून वायर आणून तिच्या दांड्यातून वर ओढली आणि टोकाला दिवा लावला. बटणसुद्धा ठेवू दिलं नाही त्यांनी. शोभा जाते म्हणे!

पहिल्या पूजेसाठी त्यांनी देवासहून चिंतामणीशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवा म्हणजे माझे वडील; आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी मुंबईला शिकायला गेलो, तिथं इराण्याकडं खाल्लं आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. मीही मनधरणी करायला गेलो नाही. खाण तशी माती.

त्या सकाळी पागेमागच्या खोलीत गणपतनं इंजिन सुरू केलं, डायनामो फिरला आणि अंधाऱ्या देवघराच्या दारात समई लखलखली. पाहुणे वाहवा करत होते. तेवढ्यात फरशी पुसून उठलेली भवानीबाई हात चोळत माझ्यापाशी आली.

"भिया, यो थारो दीवो तो काटे है."

"दिवा काय कुत्रा आहे चावायला?" मी खेकसलो.

तरी कोरड्या लाकडी उंबऱ्यावर उभं राहून मी समईला बोट लावलं. नुसत्या मुंग्या आल्या. बाईमाणूस उगाच घाबरतं, असं म्हणत मी मीटर आणलं. एक तार पितळेला लावली, दुसरी ओल्या फरशीला. काटा सरळ दोनशेवीस व्होल्टवर जाऊन उभा राहिला. दांड्याच्या आत वायरचं रबर सोलवटलं होतं आणि सगळ्या पितळेत वीज उतरून समई जिवंत झाली होती.

माझं डोकं आपोआप हिशेब करू लागलं. व्होल्टला अँपियरनं भागलं की विजेच्या वाटेतला अडथळा कळतो आणि गुणलं की शक्ती. दिव्यावर दोनशेवीस व्होल्ट, त्यातून पाव अँपियर. म्हणजे अडथळा आठशेऐंशी ओहम, शक्ती पंचावन्न वॅट. कोरड्या माणसाचा अडथळा कितीतरी हजार ओहम, म्हणून मी मुंग्यांवर सुटलो. नखशिखांत भिजलेल्या माणसाचा? हजारभर. म्हणजे दिवा पेटायला लागतो जवळजवळ तेवढाच करंट त्याच्या छातीतून जाणार, आणि काळीज बंद पडायला त्याचा निम्माही पुरतो.

मी मान वर केली. विहिरीकडून दादा येत होते. सोवळ्यातली पूजा ओलेत्यानंच करायची, हा त्यांचा जन्माचा नेम. धोतरातून पाणी ठिबकत होतं, पाय अनवाणी, हातात तांब्या. आणि पूजेत सगळ्यात आधी दीपपूजा! ओल्या बोटानं समईला गंध लावायचं.

"दादा, थांबा! समईला हात लावू नका!"

आंघोळीपासून पूजा संपेपर्यंत त्यांचं मौन असतं. त्यांनी नुसता तळहात दाखवला: बाजूला हो.

"गणपत! इंजिन बंद कर!" मी जीव तोडून ओरडलो. इंजिनच्या धडधडीत त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसेल.

"ओव्हरसियर, ये क्या तमाशा है?" जयसिंगराव कडाडले. "पूजेत अपशकुन करता?"

"सरकार, वीज उतरलीय समईत! मरतील ते!"

"आताच तर तुम्ही बोट लावलंत!"

दादा फरशीवर चढले. तांब्या खाली ठेवून त्यांनी बोट गंधात बुडवलं. पागेपर्यंत पळत जाऊन इंजिन बंद करायला वेळ नव्हता. माझा बाप माझ्याच दिव्यानं, माझ्या डोळ्यांदेखत मरणार होता. आणि मग मला सुचलं, की या म्हाताऱ्याला एकच गोष्ट परत फिरवू शकते.

मी धावत जाऊन त्यांना शिवलो. नुसता शिवलो नाही, दोन्ही हातांनी दंड धरून मागं खेचलं.

पाहुण्यांमध्ये एकच गलका उडाला. दादा माझ्याकडं असे बघत राहिले, की तसं कुणी आपल्याकडं बघू नये. मग तांब्या उचलून ते पुन्हा आंघोळीला विहिरीकडं वळले. तेवढा वेळ मला पुरला. मी ऊर फुटेस्तोवर पागेकडं धावलो आणि इंजिन बंद केलं.

दादा परत आले तेव्हा समई विझलेली होती. तिच्या थंड पितळेला त्यांनी गंध लावलं आणि तेलाच्या दिव्यावर पूजा पुरी केली. माझी नोकरी नैवेद्याच्या आधीच गेली होती.

देवासला जाणाऱ्या टांग्यात दादा बसले, तेव्हा भवानीबाईला बसलेला झटका आणि मीटरचा काटा, सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मी आधीच दिव्याला चिकटलो असतो, आणि तू मला धरलं असतंस, तर?"

मीही गेलो असतो. खांबासारखा सरळ हिशेब होता तो.

"एवढं गणित केलंस, आणि हे नाही केलंस?"

"नाही दादा. सुचलंच नाही."

टांगेवाल्यानं लगाम उचलला. दादांनी त्याला थांबवलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला.

"तहान लागलीय. भरून आण."