न्यागोरोचा निबंध

प्रोफेसर रोझलिंडा अकेलो यांच्या नावावर त्रेचाळीस शोधनिबंध आहेत. मी मोजलेत. किसुमूच्या आमच्या इस्पितळात कॅन्सरची नोंदवही मी, एलिशा ओचोला, सव्वीस वर्षं सांभाळतोय, तेव्हा मोजणं हे माझं कामच. त्यातले बेचाळीस फारसं कुणी वाचत नाही, हे बाईही कबूल करतात. पण एक निबंध असा, की जगभरच्या सहाशे बारा लेखांमध्ये त्याचा हवाला दिलेला. सरोवरकाठच्या न्यागोरो गावात अन्ननलिकेचा कॅन्सर इतर गावांच्या तिप्पट, आणि कारण काय, तर तिथल्या बायका भट्टीवर मासे ज्या धुरात सुकवतात तो धूर. चौदा वर्षांपूर्वी हे छापून आलं आणि बाई कुठल्या कुठे पोचल्या. नाहीतर त्यांना आमच्या फाटकापलीकडे कोण ओळखत होतं?

गेल्या वर्षी राजधानीत नवी संशोधन संस्था निघाली आणि संचालकपदासाठी बाईंचं नाव पुढे आलं. बाईंचं वय सत्तावन्न. दुसरी संधी येणार नव्हती, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक आणि आमच्या चहावालीलाही ठाऊक. मुलाखत अकरा दिवसांवर होती. निबंधांची यादी टाइप करायचं काम माझ्याकडे होतं.

तेवढ्यात नॉर्वेहून कुणा विद्यार्थिनीचं पत्र आलं. न्यागोरोचे ते चौऱ्याण्णव रुग्ण आजारी पडण्याआधी वीस वर्षं कुठे राहत होते, एवढंच त्या भल्या पोरीनं विचारलं होतं.

"देऊन टाका हो उत्तर," बाई म्हणाल्या. "जुनी कार्डं काढा आणि कळवा तिला. न्यागोरोतच राहत असणार, आणखी कुठे राहतील?"

कार्डं काढली. पुढच्या बाजूला नाव, वय, घर. मागच्या बाजूला कामधंदा. संगणकात आम्ही फक्त पुढची बाजू चढवली होती, त्यामुळे मागची चौदा वर्षांत कुणी उलटून पाहिलीच नव्हती. पहिलं कार्ड जोआश ओकेचचं. घर, न्यागोरो. उलटून पाहिलं, तर मोम्बासा बंदरात हमाल, एकतीस वर्षं. दुसरं कार्ड, घर न्यागोरो. मागे केरिचोच्या चहामळ्यात अठ्ठावीस वर्षं. तिसरा नैरोबीत रेल्वेत. दुपारपर्यंत बाहेरगावी राहिलेले सगळे मोजले. चौऱ्याण्णवांतले सदुसष्ट!

आमच्या लुओ जमातीच्या माणसाचं असंच आहे. कामाच्या गावी उभा जन्म काढेल, चार पोरं तिथे वाढवेल, पण ती त्याची नुसती खोली. घर म्हणजे जिथे बापाची कबर आहे आणि आपलीही व्हायची आहे ते. दुखणं हाताबाहेर गेलं की माणूस आपल्या पायांनी घरी येतो, महिना दोन महिने पडून राहतो, आणि घास उतरेनासा झाला की त्याला आमच्याकडे आणतात. मी विचारायचो, घर? तो म्हणायचा, न्यागोरो. मी लिहायचो, न्यागोरो. त्या गावची जमीन सगळी खडकाळ, अर्धं गाव पोटासाठी बाहेर, म्हणून मरायला परतणारेही तिथेच जास्त. थोडक्यात, जिवंत माणसं मोजली ती गावापुरती, आणि मरणारी मोजली ती देशभरची. मग तिप्पट नाही होणार तर काय!

एकूण एक कार्डावर अक्षर माझं. चूक कुणाची हे शोधायला लांब जायला नको होतं.

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी गठ्ठा नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवला. "उलटून वाचा," म्हटलं.

बाईंनी दहा-बारा कार्डं वाचली आणि चष्मा काढला. "किती आहेत असे?"

"सदुसष्ट."

"म्हणजे न्यागोरोतच राहिलेले सत्तावीस. इतर गावांएवढेच."

"थोडे कमीच."

"आणि तुम्ही इतकी वर्षं काय झोपा काढत होतात, ओचोला?"

मलाही राग आला. "बाई, तुम्ही आलेगोच्या लेकी. तुम्हाला कुणी घर विचारलं तर काय सांगाल? किसुमूतला हा सरकारी बंगला?"

 लुओ माणसानं भरलेलं कार्ड लुओ बाईनं वाचलं, शंका येणार कुठून? ती नॉर्वेच्या पोरीला आली.

"मुलाखत आठ दिवसांवर आहे," मी म्हटलं. "पोरीला लिहितो, कार्डं उंदरांनी खाल्ली. महिन्यानं सापडली म्हणू."

"तुमचे उंदीर खाल्लेलं परत आणून देतात वाटतं?" बाई हसल्या. ते हसू मला बघवलं नाही. मग म्हणाल्या, "हा निबंध काढला तर माझं काय उरतं?"

"बेचाळीस."

"आकडा नका सांगू. काय उरतं?"

 खोटं बोललोही असतो, पण यादी त्यांच्या समोरच होती.

"आणि त्या भट्ट्या?" त्यांनी विचारलं. निबंध छापून आल्यावर आरोग्य खात्याच्या माणसांनी न्यागोरोच्या सगळ्या भट्ट्या फोडल्या होत्या. तेव्हा बाईंनी स्वतः उभं राहून भाषण केलं होतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. "महिनाभर थांबायचं म्हणता. त्या बायकांना चौदा वर्षं झाली."

त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. एक प्रत निवड समितीला गेली. समितीनं त्यांच्या प्रामाणिकपणाचं लेखी कौतुक केलं आणि संचालक म्हणून डॉक्टर मुटिसोंना नेमलं. माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि गंमत ऐका, मागे घेतलेल्या त्या निबंधाचा त्यानंतरही एकेचाळीस लेखांनी हवाला दिला. मागे घेतल्याची चिठ्ठी वाचतो कोण!

मुलाखतीनंतरच्या आठवड्यात बाई न्यागोरोला गेल्या. मी सोबत होतो. पत्र्याच्या चर्चमध्ये तीसएक बायका जमल्या होत्या. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी चुकले," म्हणाल्या. "मी तुमच्या धुराला दोष दिला. तो पुरावा खोटा निघाला. मी तो कागद मागे घेतलाय."

 ओग्वेनोची आई उठली. गावात तीच वयानं मोठी.

"पोरी, तुझा तो कागद आम्ही वाचला नव्हता. भट्टी फोडायला आले त्यांनी सांगितलं, मोठ्या डॉक्टरणीनं लिहिलंय. पुढच्या वर्षी माझा नवरा मोम्बासाहून घरी आला. पाण्याचा घोट उतरेना. मोम्बासाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मी त्याला सुकवलेला मासा पाठवायची. वीस वर्षं पाठवला. तो माझ्या माशानं नाही मेला?"

"नाही, आई."

"नक्की?"

बाई थांबल्या. मला कळलं का ते. आमचा पुरावा खोटा निघाला म्हणजे धूर निर्दोष ठरला असं होत नाही. आम्हाला काहीच माहीत नाही, एवढंच ठरतं. हेच त्या वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आल्यात, चुकणाऱ्यांना नापास करत आल्यात.

"नक्की," बाई म्हणाल्या.

म्हातारी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं आक्रोश करू लागली, नवऱ्याला नावानं हाका मारत. बायका तिच्याभोवती जमल्या. मी दाराशी तिच्या सुनेला म्हटलं, "सांभाळा त्यांना."

"रडू दे," सून म्हणाली. "माती दिली त्या दिवशीसुद्धा रडल्या नाहीत. सगळं गाव नावं ठेवत होतं. मारणारीनं कुठल्या तोंडानं रडायचं, म्हणायच्या."