प्लॅस्टिकमधली झोप

मी एक जुनी कापसाची गादी आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलंय. गादीला कुठलं डोकं, म्हणू नका. उशी आहे ना!

एका पिंजाऱ्याच्या हातून माझा जन्म झाला. कापूस पिंजून त्याने जाड खोळीत भरला आणि टाके घालता घालता म्हणाला, "हिला ऊन दाखवत जा, बारा महिने सुखाची झोप देईल."

आमच्या घरचे बाबा बस चालवतात. पहाटे कामावर जायचं, म्हणजे झोप पक्की हवी. उन्हाळ्यात माझ्यावर नुसती सुती चादर असे, थंडीत बाबांच्या अंगावर दुलई. पावसाळ्यात ऊन पडलं रे पडलं की मी गच्चीत. बाबा आडवे होताच घोरू लागत. पुढे ऊन दाखवणं राहिलं. माझ्यात गोळे झाले, तशी सगळे कुरकुरू लागले. अरे, पण मी काय पायांनी चालत गच्चीत जाणार होते?

मग फोमची गुबगुबीत गादी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तेही मी सोसलं असतं. पण आईने तिचं प्लॅस्टिक काढलंच नाही! "महागाची वस्तू आहे, मळायला नको," म्हणाली आणि वरून चादर घातली. भर उन्हाळ्यात बाबा घामाने निथळायचे. कूस बदलली की खाली चुरचुर! दिवसा बस चालवताना डुलक्या येऊ लागल्या. एकदा ब्रेक अगदी शेवटच्या क्षणी लागला. घरी येऊन बाबांनीच ते सांगितलं. आणि खापर कुणावर फुटलं? माझ्यावर!

"त्या जुन्या गादीने सवय बिघडवलीय तुमची," आई म्हणाली.

सुट्टीच्या दुपारी बाबा कुठे दिसेनात. शेवटी मुलगी शिडीवरून ओरडली, "आई, बाबा माळ्यावर घोरतायत!"

माझ्यावर! गोळ्यांसकट!

आई ओशाळली. तिने मला पुन्हा पिंजून घेतलं, नवी खोळ शिवली आणि मानाने पलंगावर घातलं. मी फुलून गेले. आणि या माउलीने पुढे काय करावं? फोमच्या गादीचं प्लॅस्टिक उतरवून माझ्यावर चढवलं! "आता हिला जपायला हवं," म्हणे.

मित्रांनो, जपायचं तर ऊन द्या, वारा द्या. खुशाल मळवा मला, खोळ धुता येते. पण आधी कुणीतरी हे प्लॅस्टिक फाडा हो! बाबा आत्ताच आडवे झालेत, खाली चुरचुर सुरू झालीय आणि पहाटे त्यांना भरलेली बस चालवायची आहे.