दोन मैत्री गट

पितळी वाटीत मीठ, पावाशेजारी; पाहुण्यांच्या देशात स्वागत असंच करतात.

तिकडं उणे अठरा अंश. इकडं फेब्रुवारी, आणि पंखा आत्तापासूनच खडखडतो आहे.

पाहुण्यांचा झेंडा सुलटा लागला की उलटा, हे सांगू शकेल असं उमरखेडात कोणी नाही.

"मैत्री गटाच्या अध्यक्षांनी दहाला विश्रामगृहावर यावं." फोन बंद.

हा फोन घेतला मथुराबाईंनी. ढाणकीच्या मैत्री महिला बचत गटाच्या त्या अध्यक्ष. पांढरी साडी नेसून काळीपिवळी जीपमध्ये बसल्या. विश्रामगृहाच्या दारातच खासदार बाबारावांचा स्वीय सहायक पूनमसिंग आडवा आला.

"अवो मावशी, तुमी काहून आल्या?"

"तुमीच तं फोन केला."

"मी?" त्यानं मोबाईल पाहिला. वर खाली, वर खाली. 'मैत्री गट अध्यक्ष' दोनदा. "अरे देवा. मले संसदेचा मैत्री गट पायजे होता! आपले खासदार, त्याइचे खासदार, असा गट असते."

"काय करते तो गट?"

"सरकारं जिथं अडतात तिथं हे लोक एकमेकाइले बोलतात."

"मंग मी बरोबर जागी आली."

खरे अध्यक्ष नागपूरच्या विमानतळावर फोनची वाट पाहत बसले होते. आत त्यांची खुर्ची रिकामी. समोर कॅमेरे. पूनमसिंगनं मथुराबाईंना तिथंच बसवलं.

त्या देशाचं नाव मथुराबाईंच्या जिभेवर बसत नाही. त्या 'राजदीपचा देश' म्हणतात. मुलगा तिकडं बांधकामावर गेला. 'आई, ठेकेदारानं पासपोर्ट ठेवून घेतला,' एवढंच दिवाळीत बोलला. त्यानंतर फोन नाही.

पाहुण्या शिष्टमंडळाच्या प्रमुख एक धिप्पाड बाई होत्या, त्यांच्या संसदेतल्या. गेल्या वर्षी खासदार बाबाराव तिकडं जाऊन पाव-मीठ खाऊन आले होते. आता ही परतभेट. विषय कापूस, जिनिंग, थेट विमान. अध्यक्षांच्या खुर्चीत मथुराबाईंना पाहून बाबाराव कॅमेऱ्यांकडं वळून हसले.

"आणि हा आमचा गावचा मैत्री गट!"

नागपूरची दुभाषी अर्पिता हिनं ते सांगितलं. पाहुण्या खूश. टाळ्या. फोटो.

बाबाराव कानाशी वाकले. "दोन शब्द स्वागताचे बोला. पाहुण्यासमोर घरचं रडगाणं नको. पोराचं मी दिल्लीले पाहतो."

मथुराबाई उठल्या. पदर सावरला.

"माझा पोरगा राजदीप तुमच्या देशात हाय. त्याचा पासपोर्ट ठेकेदारानं दाबून ठेवला. चार महिने झाले, त्याचा आवाज नाही. त्याले शोधा."

अर्पितानं बाबारावांकडं पाहिलं. बाबारावांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. अर्पिता बोलली.

पाहुण्या उठल्या, मथुराबाईंना मिठी मारली, पुन्हा टाळ्या.

असल्या बातमीवर टाळ्या?

मथुराबाई मिठीतून सुटल्या. अर्पिताकडं बोट केलं. "हिनं काय सांगतलं?"

अर्पितानं पुन्हा बाबारावांकडं पाहिलं.

"मी विचारून राह्यली, काय सांगतलं?"

"की... तुमचा मुलगा तिकडं काम करतो, तुम्हाला आनंद आहे."

मथुराबाईंनी मोबाईलमधला राजदीपचा फोटो पाहुण्यांसमोर धरला. मग एक शब्द. तिकडं, इकडं, सगळीकडं एकच.

"पासपोर्ट." रिकामा तळहात दाखवला. "पासपोर्ट."

पाहुण्यांचं हसू गेलं. त्या अर्पिताशी बोलल्या, हळू, एकेक शब्द. अर्पिताचे कान लाल. पाहुण्यांनी पुन्हा काही विचारलं. या वेळी तिनं सगळं सांगितलं असावं, कारण बराच वेळ लागला. पाहुण्यांनी राजदीपचं नाव दोनदा म्हणून घेतलं, आपल्या सहकाऱ्याला टिपायला लावलं, मग बाबारावांकडं वळून काही विचारलं.

अर्पितानं शब्दन्शब्द मराठीत सांगितला. "त्या विचारतात, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," बाबाराव म्हणाले. "आत्ताच कळलं."

जानेवारीत मथुराबाई बाबारावांच्या कार्यालयात हेच सांगायला गेल्या होत्या, आणि 'बाईचा नंबर घेऊन ठेव' असं बाबारावांनीच पूनमसिंगला सांगितलं होतं.