दोन डाव्या बाह्यांचा कोट

"मला कुणी विचारलं का?" हे वाक्य कधीच ऐकू येत नाही असं एखादं घर तुम्हाला सापडलं, तर त्याला कुंपण घाला आणि तिकीट लावून लोकांना दाखवा! बाकी सगळ्या घरांत ते दिवसातून एकदा तरी म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्याचे केस बहुधा पांढरे असतात.

शिवण मंडळाच्या मोठ्या बाईंचं तर ते ठरलेलं वाक्य होतं.

मंडळ म्हणजे वीस बायका, एक लांबलचक खोली, भिंतीकडेनं मशिनं आणि मधोमध कापड बेतायचं टेबल. ते टेबल एवढं लांब, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाची बाई जेवण उरकल्यावर दचकायची. त्या टेबलाशी उभं राहून बाईंनी तीस वर्षं कापड बेतलं. त्यांच्या कात्रीच्या गोष्टी काय थोड्या होत्या! एकदा म्हणे बेतताना वीज गेली आणि बाईंनी अंधारातच सहा पायजमे कापले. उजेड आल्यावर मोजले तर सात निघाले. सातवा चिंध्यांतून आपोआप झाला होता. बाई ही गोष्ट नाकारायच्या नाहीत. "आयुष्यात वीतभर कापड वाया घालवलं नाही," एवढंच म्हणायच्या, आणि रोज म्हणायच्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. मंडळाची सभा झाली आणि बेतायचं काम बाईंच्या लेकीकडे गेलं. लेक दोन वर्षं शिकून आली होती. ती कॉम्प्युटरवर कोड्याचे तुकडे बसवावेत तशी पुढा, पाठ, बाही एकमेकांत अशी बसवायची, की थानातलं कापड शिल्लक राहायचं. बायका तोंडात बोट घालायच्या. बाईंना खिडकीपाशी खुर्ची मिळाली. चांगली, गादीची खुर्ची. ती त्यांना रोज टोचायची.

"काय गं, आता बाईंना नुसतं बघायचं काम!" काजवाली एकदा हसत म्हणाली. मंडळातली सगळी काजं हीच करायची, आणि हिच्या जिभेला सुईपेक्षा बारीक टोक होतं. "कॉम्प्युटर काय, बोलतबिलत नाही, चिडतबिडत नाही."

सगळ्या हसल्या. लेकही हसली. नुसतं ओठांच्या कोपऱ्यातून, पण हसली. बाईंनी ते बरोबर टिपलं आणि मनात काज करून बटण लावून ठेवलं.

त्यानंतर आठवड्याभरात मोठं काम आलं. वस्तीतल्या लोकांनी मिळून नवं सभागृह बांधलं होतं आणि त्याच्या उद्‌घाटनाला वस्तीचा बँड वाजणार होता. वादक चोवीस, कोट चोवीस, आणि तेही गडद लाल मखमलीचे! मंडळात वीस वर्षांत मखमल आलीच नव्हती. येऊन जाऊन शाळेचे गणवेश, नाहीतर दवाखान्याच्या चादरी.

आता मखमलीचं एक असतं. तिला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेनं हात फिरवला तर मऊ, दुसऱ्या दिशेनं फिरवला तर अंगावर येते. आणि जशी दिशा बदलते तसा रंगही बदलतो. एकीकडून बघाल तर गडद, दुसरीकडून फिका. म्हणून मखमल बेतताना सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवायचे असतात. ज्यांच्या हाताखालून मखमल गेली आहे त्यांना हे झोपेतही कळतं. ज्यांनी फक्त चादरी कापल्या आहेत, त्यांना कसं कळणार?

त्या सकाळी लेकीनं टेबलावर मखमल पसरली आणि खडूनं आखणी केली. एक तुकडा डोकं वर, त्याला खेटून दुसरा डोकं खाली. बारा मीटर कापड वाचत होतं.

बाई खुर्चीतून उठून आल्या. सहज म्हणून तळवा ठेवला, फिरवला. मऊ. पुढच्या तुकड्यावर नेला. खरखरीत! बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"आई," लेक म्हणाली, "एकदा नीट बघतेस का? मखमल मी पहिल्यांदाच बेततेय. काही राहिलंय का माझं?"

शब्द बाईंच्या दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात काजवाली कुणाशी तरी बोलताना खिदळली, आणि आत लावून ठेवलेलं ते बटण तट्‌कन सुटलं.

"मला काय विचारतेस?" बाई म्हणाल्या. "तुझं मशीन एवढं शहाणं आहे ना, विचार त्यालाच."

लेकीनं कात्री उचलली.

बाई खुर्चीत जाऊन बसल्या. कात्रीचा आवाज येत होता, कर्र, कर्र. एकच पाठ कापून झालीय, अजून सांगता येईल, असं त्यांच्या मनात आलं. बसू दे एक फटका, मग सांगू. दोन कोट झाले. पाच झाले. दहा झाल्यावर वाटलं, आता सांगितलं तर ती म्हणेल, इतका वेळ काय करत होतीस? तेव्हा आता नकोच! बघता बघता चोवीसही झाले. गप्प बसायला पहिल्यांदाच जड जातं. पुढे तोंडाला सवय होते.

कोट शिवले गेले. खोलीतल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळे एकसारखे लाल दिसत होते. उद्‌घाटनाला तीन दिवस राहिले तेव्हा वादक अंगावर घालून बघायला आले. बँडमास्तरांनी सगळ्यांना बाहेर अंगणात, भर उन्हात, ओळीनं उभं केलं.

आणि उन्हानं सगळं उघडं पाडलं!

प्रत्येक माणूस मधोमध दुभंगला होता. डावी बाजू गडद, उजवी फिकी. पुढच्याची उजवी गडद, डावी फिकी. पाठी तर कुणाच्या कुणाशी जुळत नव्हत्या.

"काय हो," ढोलवाला शेजारच्याला म्हणाला, "तुमचा अर्धा भाग घरीच राहिला वाटतं!"

बँडमास्तर हसले नाहीत. "बाई, माझी चोवीस माणसं आहेत," ते लेकीला म्हणाले, "सोंगट्या नाहीत. सगळी वस्ती बघायला येणार आहे. हे घालून कसं उभं राहायचं?"

लेकीचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला. तिनं एका कोटावर हात फिरवला, मग दुसऱ्यावर. तिला तेव्हा कळलं. तिनं वर बघितलं ते थेट आईकडे. बाईंनी नजर खिडकीकडे वळवली. अंगणात खिडकी कुठली असायला? तरीही वळवली.

हा क्षण गोड लागेल असं बाईंना वाटलं होतं. आठ दिवस त्या वाट बघत होत्या. पण तोंडात भलतीच चव आली, टाचणी चुकून जिभेवर ठेवल्यासारखी.

त्या आत इस्त्रीच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे इस्त्रीकाका असायचे. मंडळातले एकमेव पुरुष. बाई ज्या शिंपीमास्तरांच्या दुकानात शिकल्या, तिथेही त्यांच्या आधीपासून हेच इस्त्री करायचे. वाफेत इतकी वर्षं राहून त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्यात, असं बायका म्हणायच्या.

"मला कुणी विचारलं का?" बाई आपणहूनच म्हणाल्या. काकांनी एक शब्द काढला नव्हता.

"विचारलं होतं," काका म्हणाले. "मी इथेच होतो."

बाईंनी पाठ फिरवली.

"मखमल उलट्या बाजूनं वाफवतात, त्यामुळे कोटाचं मला कळलं नाही. पण तुमचा हात थांबलेला मी पाहिला होता, बाई. तुमचा हात उगाच थांबत नाही. चाळीस वर्षं बघतोय."

"आम्हाला कुणी हाताला धरून शिकवलं होतं का?" बाई उसळल्या. "पडलो, धडपडलो आणि शिकलो. मास्तरांच्या हाताखाली मी एक कापड वाया घालवलं नाही. एक!"

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. "दोन डाव्या बाह्यांचा कोट आठवतो?"

"कुठला कोट?"

"बरोबर, तुम्हाला कसा आठवणार! तुम्ही अठराच्या होता. शाळेच्या हेडमास्तरांचा कोट तुम्ही बेतला होता आणि त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. एक हात पुढे वळायचा, दुसराही त्याच बाजूला. माणूस तो घालून चालला असता तर गोलगोलच फिरत राहिला असता! दुपारी तुम्ही जेवायला गेल्यावर मास्तरांनी एक बाही उसवली, आपल्या कापडातून उजवी कापली आणि बसवली. इस्त्री मी केली. मला म्हणाले, पोरीला कळू देऊ नकोस, हात घाबरा होईल."

बाईंनी बाजूची फळी घट्ट धरली.

"वीतभर कापड वाया घालवलं नाही, असं तुम्ही रोज म्हणता ना? मी रोज ऐकून घेतो. चुकलंच माझं. मास्तर गेल्यावर तरी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्यांनी तुम्हाला पडू दिलं नाही, हे तुम्हाला कधी कळलंच नाही. म्हणून तुम्हाला वाटत राहिलं, की आपण एकट्याच उभ्या होतो."

जन्मभर मिरवलेली बढाई दुसऱ्याच्या टाक्यांवर उभी होती! आणि आपल्या लेकीसाठी टाका घालायची वेळ आली तेव्हा आपण काय केलं? खुर्चीत बसून कात्रीचे आवाज मोजले.

तासाभरात सभा बसली. काजवालीनंच तोंड उघडलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण बेतायचं काम परत बाईंकडेच द्या. लहान पोरींच्या हाती मंडळाची अब्रू द्यायची नाही." माना हलल्या.

लेक उठली. कात्री तिनं कापडात गुंडाळून आणली होती. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मी उद्यापासून येत नाही. चूक माझी एकटीची आहे. मी आईला विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाही."

मी विचारलंच नाही!

पोरगी खोटं बोलत होती. भर सभेत, आईकडे न बघता, आईला झाकायला खोटं बोलत होती. आणि कात्री बाईंच्या समोर टेबलावर ठेवली होती, वर्षभर त्यांना हवी होती तशी. हात पुढे केला की झालं.

बाईंनी हात पुढे केला, कात्री उचलली आणि लेकीच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"तिनं मला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "कापायच्या आधी, चांगलं तोंडानं विचारलं होतं. मला दिसलंही होतं, हाताला कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. तिनं पडावं म्हणून गप्प बसले. माझ्या पोटच्या पोरीनं! अब्रू घालवायची असेल तर माझी घालवा. तिला न कळून चूक झाली. मी कळून केली."

खोलीत इतकं सामसूम झालं, की मशिनांतलं तेलही सुकलं म्हणतात. लेक आईकडे बघत होती. रडत नव्हती, हसतही नव्हती.

"आधी का नाही बोललीस, आई?" तिनं एवढंच विचारलं.

त्या प्रश्नाला बाईंकडे आजही उत्तर नाही.

मग लेकीनं कॉम्प्युटर उघडला. "निम्मे तुकडे डोकं वर, निम्मे खाली," ती पुटपुटली. "सगळे कोट उसवले तर? वरचे वरच्यांशी जुळवायचे, खालचे खालच्यांशी. बारा कोट पूर्ण गडद, बारा पूर्ण फिके. पण शिवलेल्यातले ओळखायचे कसे? या दिव्यात काही दिसत नाही."

"डोळ्यांनी कशाला?" बाई म्हणाल्या. "आण इकडे."

वीस बायकांनी चोवीस कोट उसवले. बाई डोळे मिटून एकेक तुकडा हातावर घेत, तळवा फिरवत आणि सांगत, "वर. खाली. खाली. वर." लेक कॉम्प्युटरमध्ये बघून माप आणि जोडी सांगे. नऊ तुकडे कशाशीच जुळेनात. ते नव्यानं कापायला कापड कुठून आणायचं? तर लेकीनं वाचवलेलं बारा मीटर होतं ना! ते नऊ तुकडे बेतताना लेकीनं आईचा तळवा मखमलीवर ठेवला, आपला त्याच्यावर ठेवला आणि म्हणाली, "शिकव." बाईंनी शिकवलं. शिकवताना त्यांना लेकीकडे बघवत नव्हतं.

उद्‌घाटनाला फुंकणारे बारा गडद कोटांत आणि वाजवणारे बारा फिक्या कोटांत उभे राहिले. काय कल्पना आहे, लोक म्हणाले! बँडमास्तर छाती काढून म्हणाले, "आमची आधीपासूनच योजना होती." टाळ्या तर अशा पडल्या की सभागृहाचं नवं छप्पर वीतभर वर जाऊन परत बसलं.

बाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या आपल्या तळव्याकडे बघत होत्या.

आता मंडळात नवी मुलगी आली, की बाई तिला आधी दोन डाव्या बाह्यांच्या कोटाची गोष्ट सांगतात आणि तिथे न थांबता लगेच मखमलीचीही सांगतात, सगळी, आपल्या तोंडानं. पायजम्यांची गोष्ट त्यांनी सोडून दिली. टेबलावर पहिली कात्री चालण्याआधी एक म्हातारा हात आणि एक तरणा हात कापडावर एकत्र फिरतो, असा मंडळाचा नियमच झाला आहे. बाईंची खुर्चीही खिडकीपासून टेबलाच्या डोक्याशी आली. ती लेकीनं ओढून आणली, कुणाला न विचारता.

तेव्हा मंडळी, आपल्या घरात, कचेरीत, संस्थेत कुणी तरुण चुकीची रेघ मारताना दिसला, तर "मला कुणी विचारलं का?" म्हणून खुर्चीत बसू नका. आपण काही आभाळातून शिकून पडलो नाही. कुणीतरी आपलीही उलटी बाही गुपचूप उसवून दिली होती. आणि तरुणांनो, एकदा झिडकारलं तरी दुसऱ्यांदा विचारा! म्हातारी माणसं पहिल्यांदा रुसलेली असतात. पण जे कळतं ते वेळेवर न सांगणं, ही चुकणाऱ्याच्या चुकीहून मोठी चूक आहे. कोट उसवून परत शिवता येतो. "आधी का नाही बोललीस?" हे एकदा लेकीनं विचारलं, की ते उसवता येत नाही.