कुंदन वकिलांचा रस्ता

आमच्या गुलाबाच्या मळ्यातून जाणारा रस्ता कोर्टातून स्थगिती आणून अडवला, तो कुंदन वकिलांनीच. माझ्या सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "खंडेराव, मळ्यावर रोलर फिरवायचा असेल, तर आधी माझ्या अंगावरून फिरवावा लागेल." या एका वाक्यावर आसपासची गावं फिदा झाली आणि वकीलसाहेब खासदार झाले.

परवा गंगापूर रोडला त्यांची सभा होती. गळ्यात आमच्याच मळ्यातल्या गुलाबांचा हार घालून साहेब कडाडले, "कोर्टात जाऊन नाशिकचा विकास अडवणारे हे लोक कोण आहेत, ते मला चांगलं ठाऊक आहे!"

ठाऊक नसायला काय झालं? टाळ्यांचा कडकडाट झाला. सासऱ्यांनीही भाबडेपणानं टाळ्या वाजवल्या. माझं मात्र डोकंच फिरलं. सभा संपल्यावर मी साहेबांना स्टेजमागं गाठलं.

"साहेब, ते लोक म्हणजे आम्ही. आणि आमचे वकील तुम्ही."

साहेब जराही ओशाळले नाहीत. मला बाजूला घेऊन, जुन्या वकिली आवाजात हळूच म्हणाले, "प्रतिभाताई, ती स्थगिती अजिबात उठू द्यायची नाही. रस्ता झाला, तर पुढच्या निवडणुकीत मी बोलू कशावर?"