पत्र्याच्या पेटीतला रेडिओ

पत्र्याच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर पत्रा हाच उपाय, अशी त्याची ठाम समजूत होती. घरात चपला पत्र्यात, औषधं पत्र्यात, छत्र्यासुद्धा पत्र्यात. कारखान्यातले लोक त्याला पाठीमागे 'पत्रेसाहेब' म्हणत. बायकोला ते कळलं तेव्हापासून तीही मनातल्या मनात तेच म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मनात म्हणण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं.

धूळ बसते म्हणून त्याने सेलवरच्या छोट्या रेडिओलाही पेटी केली. सगळीकडून पत्रा, पुढे आवाजापुरती भोकं, झाकणाला कडी. त्या दिवसापासून रेडिओने खरखरण्यापलीकडे काही केलं नाही. पत्रेसाहेबांनी स्टेशनला शिव्या घातल्या, समोरच्या इमारतीला घातल्या, हवेलाही सोडलं नाही. पेटीबद्दल मात्र ब्र नाही.

एरवी तिने खरखर ऐकून घेतली असती. नवऱ्याचं बोलणं ती तशीच तर ऐकत आली होती. पण आज दुपारी चारला रेडिओवर तिची कथा होती, तिच्याच आवाजात. एकदाच लागणार, पुन्हा नाही. हे तिने त्याला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो 'हं' म्हणाला होता. आपलं बोलणं मध्ये कुणी न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं. या घरात ते कधी घडलं नव्हतं.

"अहो, तो पेटीतून बाहेर काढा," ती सकाळीच म्हणाली. "आपोआप लागेल."

"तुला यातलं काय कळतं?" म्हणत तो तारेचं भेंडोळं घेऊन स्टुलावर चढला.

दुपारपर्यंत घराची पार रया गेली. रेडिओच्या एरियलला बांधून भोकातून काढलेली तार पडद्याच्या दांडीवरून बाल्कनीच्या दारापर्यंत पोचली. चार वाजले तरी खरखर चालूच. शेवटी त्याने तारेचं टोक तिच्या हातात दिलं, हात वर धरायला लावला, आणि आवाज आला. तिचाच.

आता तिने हलायचं नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, असा हुकूम सुटला. तिची जेमतेम दोन वाक्यं ऐकून झाली, तोच पत्रेसाहेबांनी भावाला फोन लावला आणि आपण रेडिओ कसा वठणीवर आणला ते मोठमोठ्याने सांगायला घेतलं. कोण बोलतंय, असं भावाने विचारलं असावं.

"असेल कुणी बाई," तो म्हणाला. "तू आवाज बघ किती स्वच्छ आहे."

तिने तार सोडली. पेटीची कडी काढली, तारेची गाठ सोडवली, रेडिओ उचलला आणि बाल्कनीत जाऊन दाराला बाहेरून कडी घातली. कठड्यावर ठेवताच रेडिओ खणखणीत बोलू लागला. कथा अजून बरीच बाकी होती.

तिने एकदाच मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे पत्रेसाहेब खाली पडलेली तार हातात उंच धरून उभे होते, फोन बंद, तोंडही बंद. रेडिओ लागतोय तो आपल्यामुळेच, या खात्रीने ते जराही हलत नव्हते.

कथा संपेपर्यंत तिने त्यांना हात खाली घ्यायला सांगितलं नाही.