पायाखालचा समुद्र

"हात दुखतो म्हणून सांगू नका, भाऊजी. समद्यांला तेच सांगता, ठावं हाय मला," असं म्हणत चतुराबाईनं पदराआडचा नारळ ओट्यावर ठेवला.

गेणूनं पाय आखडून घेतले. घरात विंचू निघाल्यावर माणूस सरकतो तसा तो भिंतीकडं सरकला. त्याची बायको कुसाबाई दारातच उभी होती. ती पुढं झाली आणि नारळ उचलून आत न्यायला लागली.

"राहू द्या तिथंच, बाई," चतुराबाई म्हणाली. "देवाला नाय आणला. पाणी बघायला आणलाय."

पाणी बघणं म्हणजे विहीर किंवा बोअर कुठं घ्यायचा ती जागा सांगणं. दिंडोरीकडच्या दहा-बारा गावांत हे काम गेणू पाणाड्याचं. तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवायचा आणि अनवाणी पायांनी शेतातून चालायचं. खाली झरा असला की नारळ आपला आपण उभा राहतो. शिकलेली मंडळी याला हसायची आणि विहिरीची वेळ आली की गुपचूप गड्याच्या हाती निरोप धाडायची. पण गेल्या वर्षापासून गेणूनं नारळाला हात लावलेला नव्हता. कुणी बोलवायला आलं की हात दुखतो म्हणायचं, बस्स.

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा होता. आदल्या साली पावसानं तोंड फिरवलं होतं. चतुराबाईच्या द्राक्षबागेची छाटणी होऊन कोवळे फुटवे आले होते आणि विहिरीत घागर बुडत नव्हती. लवकर पाणी मिळालं नाही तर बाग जाणार, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

"डोरलं मोडलंय, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "त्या पैशात एकच भोक पडतं. दुसरं पाडायची माझी ऐपत नाय. म्हणून तुमच्या दारात आले."

गेणूनं मान खाली घातली. चतुराबाई देवरामची बायको. देवराम म्हणजे गेणूचा लंगोटीयार, आणि देवराम आता नव्हता. तिला नाही म्हणायला गेणूला तोंड नव्हतं आणि हो म्हणायला हात नव्हता. तो नुसताच ओट्यावरच्या नारळाकडं बघत बसला.

या सगळ्याच्या मुळाशी समुद्र होता. आणि गंमत अशी की गेणूनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. गोदावरीला पूर आला की रामकुंडापर्यंत जाऊन बघून यायचं, याच्यापलीकडं मोठं पाणी त्याच्या डोळ्यांखालून गेलं नव्हतं.

पंच्याऐंशी साली शेअरचं वारं सुटलं. नाशकात पानाच्या टपरीवरसुद्धा लोक भाव बोलायला लागले. मुंबईपलीकडच्या समुद्रात तेल लागून दहा-अकरा वर्षं झाली होती. आता सरकार समुद्राचे तुकडे पाडून परदेशी कंपन्यांना खोदायला देतंय, असं पेपरात येत होतं. त्या मोठ्यांच्या मागं, बैलगाडीखालून कुत्रं चालावं तशा, लहान लहान कंपन्या निघाल्या. त्यातलीच एक दर्याधन ऑइल. तिच्या शेअरचे कागद घेऊन गायधनी नावाचे एजंट नाशकातून स्कूटरवर गावात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःच्या घरातलंही सगळं त्या कंपनीत घातलं होतं, आणि जो स्वतः भुलला आहे त्याच्याइतकं दुसऱ्याला कुणी भुलवू शकत नाही.

सोसायटीच्या खोलीत संध्याकाळी मंडळी जमली. गायधनींनी भिंतीवर समुद्राचा भलामोठा नकाशा लावला. निळ्या रंगात एक तांबडा चौकोन होता.

"हा आपल्या कंपनीचा तुकडा," ते म्हणाले. "इथं तेल लागलं की तुमची पुढची पिढी बसून खाईल."

"पण सायेब, तेल हायेच कशावरून?" देवरामनं विचारलं.

"अहो, शास्त्रज्ञांचा अहवाल आहे."

"आहवालाचं नका सांगू. आहवालावर खणलेल्या विहिरींत आमच्या गावातली पोरं क्रिकेट खेळत्यात," देवराम म्हणाला, तशी खोलीत खसखस पिकली. "आमचा गेणू हाय ना. तो बघंल. तो म्हणला तर मी सगळं घालतो."

गेणू लाजला. "येडा का काय! कागदाला कुठं झरे असत्यात?"

"जमीन समजून चाल ना बाबा. तुझं काय जातंय?"

हसता हसताच कुणीतरी नकाशा काढून जमिनीवर अंथरला. मारुतीच्या देवळातून नारळ आला. गेणूनं वहाणा काढल्या, नारळ तळहातावर आडवा घेतला आणि तो घाटाच्या बाजूनं नकाशावर चढला. "जरा बेतानं, फाटेल," गायधनी म्हणाले. गेणूचं पाऊल मोठं आणि समुद्र चार हातांचा. किनाऱ्यावरून उचललेलं पाऊल थेट तांबड्या चौकोनावरच पडलं, आणि नारळ उभा राहिला.

त्यानं काही केलं नव्हतं. बोट हललं नव्हतं, अंगठा हलला नव्हता. शेंडी आढ्याकडं करून नारळ ताठ उभा होता. खोलीतली हसणारी तोंडं मिटली.

पाणाड्याचा एक नियम असतो. नारळ उभा राहिला तरी थांबायचं नाही, पुढं चालायचं. पुढं गेल्यावर तो खाली पडला तरच मागची जागा खरी. गेणूच्या बापानं हे त्याला पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. त्या संध्याकाळी गेणू पुढं चाललाच नाही. टाळ्या पडल्या, देवरामनं त्याला मिठी मारली आणि गायधनींनी नकाशा गुंडाळला. गेणूलाही, खरं सांगायचं तर, ते कौतुक गोड लागलं. सगळा समुद्र पाण्याचाच, त्यावर नारळ उभा राहील नाही तर काय करील, ही साधी गोष्ट त्या भरल्या खोलीत एकाच्याही डोक्यात आली नाही.

बाकीच्यांनी थोडंथोडं घातलं. देवरामनं मात्र बोअरसाठी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं घातलं.

कंपनीनं दोन ठिकाणी खोदलं. दोन्ही विहिरी कोरड्या. वर्षभरात मुंबईच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि गायधनींची स्कूटर गावात यायची बंद झाली. गाव गेणूला 'दर्यावाले' म्हणायला लागलं. देवराम तेवढा कधी बोलला नाही.

"भर समुद्रात कोरडी विहीर!" तो हसून म्हणायचा. "आपल्यापरीस त्यांचं नशीब थोर." आणि गेणूचा चेहरा पडला की म्हणायचा, "तुझा नारळ खोटा नाय रे. तेल आसंल तिथं. त्यांला घावलं नाय."

शिव्या दिल्या असत्या तर गेणूला झोप तरी लागली असती.

बोअर तर गेला. म्हणून देवरामनं सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात जुनी विहीरच हातानं खोल करायला घेतली. तो खाली पहारीनं खणायचा आणि गेणू वरून दोरानं पाटी ओढायचा. मजुरी घ्यायचा प्रश्नच नव्हता. एका दुपारी खालून देवरामची हाक आली, "गेणू, ओल लागली रे!" गेणू वाकून बघणार तोच कडेचा दगड सुटला आणि त्याच्यामागं सगळी दरड खाली गेली. वर येणारी पाटी हातातच राहिली.

त्यानंतर महिन्याभरानं कुणीतरी जागा बघायला बोलावलं, म्हणून गेणू गेला. बांधावर पाऊल ठेवलं आणि नारळ उभा राहिला. गेणू पुढं चालला. नारळ पडेना. शेत संपलं, दुसऱ्याचं लागलं, तरी पडेना. खडकावर गेला, डांबरी रस्त्यावर गेला, दिंडोरीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिला, तिथंही नारळ हातावर ताठ. घरी येऊन बाजेवर बसला तर बाजेवरही तेच. त्या दिवसापासून त्यानं नारळ सोडला. कुसाबाईला एवढंच विचारलं, "तुला काय ऐकू येतं का गं? खालनं?"

"कशाचं?"

"पाण्याचं. लय पाणी हाय. हालतंय."

कुसाबाईनं कान देऊन ऐकलं. तिला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वणीच्या गडावरून देवीचा अंगारा आणून त्याच्या कपाळाला लावला आणि घरातले सगळे नारळ शेजारी देऊन टाकले.

"बाई, त्यांला नका नेऊ," आता ती चतुराबाईला म्हणाली. "त्यांचं आता बरं नसतं."

चतुराबाई ओट्याच्या कडेला बसली. "हे जायच्या आदल्या दिशी मला म्हणले व्हते. म्हणले, कधी बोअर घेशील तर गेणूबिगर घेऊ नको. मी त्यांचा शबुद पाळते, दुसरं काय नाय."

गेणू उठला. त्यानं नारळ उचलला आणि वहाणा न घालता तो रस्त्याला लागला.

देवरामच्या बांधावर नारळ उभा राहिला. गेणूनं तो चतुराबाईला दाखवला आणि तो चालत राहिला. सगळी बाग, मोकळं रान, ढासळलेल्या विहिरीची कड, असं करत पलीकडच्या बांधापर्यंत तो जाऊन आला. नारळ तसाच ताठ होता. चतुराबाई मागून चालत होती. तिचा चेहरा उजळला.

"म्हंजी समदीकडं पाणी हाय?"

खोटं बोलायला तेवढा एक शब्द पुरला असता. कुठलीही जागा दाखवली असती तरी तिनं मान हलवली असती, आणि पाणी लागलं नसतं तर नशिबाला बोल लावला असता.

"नाय, वैनी," तो म्हणाला. "म्हंजी मला आता कायच कळत नाय. त्या नकाशावर पाय ठेवला आन सगळं गेलं. कुठंबी उभा राहिलो तरी हा असाच. देवरामची जमीन आन डांबरी सडक मला सारखीच लागती. माझ्यावर इसंबू नका. एकदा इसंबून..." बाप्यासारखा बाप्या तिथंच मातीत बसून रडायला लागला.

चतुराबाईनं त्याला रडू दिलं. मग ती उठली आणि रानाच्या वरच्या अंगाला असलेल्या बाभळीपाशी गेली.

"हे दुपारच्याला हितं भाकर खायचे," ती म्हणाली. "हितं लावू मशीन."

"तिथं मुरूम हाय, वैनी. उंचवटा हाय."

"आसू द्या."

दुसऱ्या सकाळी बोअरची गाडी आली. गेणूला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो उजाडतानाच येऊन बाभळीखाली उभा होता. मशीन सुरू झालं आणि पांढऱ्या धुरळ्याचे लोट उठले. बघायला आलेले लोक तोंडाला फडकी लावून मागं हटले. गेणू जागचा हलला नाही. धुरळा त्याच्या केसांत, भुवयांत, मिशांत बसत गेला. पाइपामागून पाइप खाली जात होता आणि वर येत होता तो कोरडा मुरूम. मशीनवाल्यानं चतुराबाईकडं पाहिलं. तिनं बोटानं खूण केली, अजून जाऊ दे. दुपार कलली. डोरलं संपत आलं, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. गेणूनं डोळे मिटून घेतले.

मग मशीनचा आवाज बदलला. धुरळा करडा झाला, ओला झाला, थांबला, आणि पाण्याचा लोट बाभळीच्या शेंड्यापर्यंत उसळला. माणसं ओरडली. पोरं चिखलात नाचायला लागली. चतुराबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती, आणि तिच्या अंगावर पाणी पडत होतं.

आमच्याकडं रीत आहे, पहिलं पाणी पाणाड्याचं. चतुराबाईनं गाळ निवळू दिला, तांब्या भरला आणि गर्दीतून सरळ गेणूपाशी आली.

"मी कुठं जागा दाखवली?" गेणू म्हणाला.

"तुम्ही खरं सांगितलं म्हणून मला घावली. घ्या."

त्यानं एक घोट घेतला. पाणी खारट होतं. तोंडात धुरळा असेल म्हणून त्यानं चूळ भरली आणि पुन्हा घोट घेतला. मिठाचा खडा जिभेवर ठेवावा तसं खारट. समुद्र त्यानं पाहिला नव्हता, पण हे पाणी कुठलं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. समोर मशीनवाले ओंजळीनं पाणी पीत होते. पोरं पीत होती. कुसाबाई ओच्याला हात पुसत पुसत म्हणत होती, "गूळ घातल्यावानी हाय की गं बाई!"

चतुराबाई त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

"गोड हाय ना, भाऊजी?"

पाण्याच्या बाबतीत तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"गोड हाय, वैनी," गेणू म्हणाला, आणि तांब्या तोंडाला लावून त्यानं तो तळापर्यंत रिकामा केला.